स्वस्त वीज, चोवीस महिन्यांचा करार आणि पुण्यातील एसआयपी

प्रश्न : आम्ही पती-पत्नी जर्मनीत श्टुटगार्ट येथे राहतो. आतापर्यंत कंपनीच्या सुसज्ज घरात असल्याने वीज-पाण्याचे बिल कधी पाहिले नाही. पुढील महिन्याच्या 1 तारखेला भाड्याच्या घरात जात आहोत. माझ्या प्रोबेशनचे 3 महिने बाकी आहेत आणि पुढील वर्षी हॅम्बुर्गला बदली होण्याची शक्यता आहे. विजेसाठी तीन पर्याय आहेत. शहरातील मूळ पुरवठादाराचा (वेगळा करार न करताही वीज देणाऱ्या कंपनीचा) दर 42 सेंट प्रतियुनिट आणि स्थिर आकार महिना 14 युरो आहे. दुसरा करार 24 महिन्यांचा असून त्याचा दर 28.5 सेंट, स्थिर आकार 12 युरो आणि दराची हमी 12 महिन्यांची आहे. तिसरा करार 12 महिन्यांचा आहे. दर 31 सेंट, स्थिर आकार 13 युरो आणि वर्ष पूर्ण झाल्यावर 160 युरो बोनस. दुसऱ्या करारात महिन्याला फक्त 48 युरो भरावे लागतील असे दिसते. आम्ही विजेसाठी 90 युरो धरले होते. उरलेल्या 42 युरोंतून पुण्यातील एसआयपी सुमारे चार हजार रुपयांनी वाढवावी का? आणि 24 महिन्यांत अडकून तर पडणार नाही ना?

उत्तर : तुमचा खरा निर्णय कराराच्या मुदतीपेक्षा त्या 48 युरोंच्या आकड्यावर अवलंबून आहे, म्हणून आधी त्याकडे पाहू. महिन्याचा हप्ता, ज्याला तिकडे आबश्लाग म्हणतात, तो बिल नसून अंदाजाने घेतलेली आगाऊ रक्कम असते. वर्षअखेरीस मीटरचे वाचन घेऊन खरा हिशोब होतो आणि कमी पडलेली रक्कम एकदम मागितली जाते. तुमच्या आकड्यांवरून उलट गणित केले, तर 48 युरोंचा हप्ता वर्षाला 1,500 युनिट वापर गृहीत धरून काढलेला दिसतो. तेवढा वापर एकट्या माणसाच्या घराचा असतो. तुम्ही दोघे आहात, स्वयंपाक विजेच्या शेगडीवर आहे आणि बाथरूममध्ये भिंतीवर विजेचा इन्स्टंट गीझर आहे, असे तुम्ही घराच्या वर्णनात लिहिले आहे. असा 18 किलोवॉटचा गीझर पूर्ण क्षमतेवर दहा मिनिटे चालला, की 3 युनिट वीज जाते. कणीक मळून रोज पोळ्या करणाऱ्या, डाळ-भात शिजवणाऱ्या आणि विजेवर पाणी तापवणाऱ्या दोघांच्या घरासाठी मी 3,000 युनिट धरीन.

3,000 युनिटला दुसऱ्या कराराचा वर्षाचा खर्च 855 अधिक 144, म्हणजे 999 युरो होतो. महिन्याला सुमारे 83 युरो. तुम्ही 48 युरोंप्रमाणे वर्षभरात 576 युरो भराल आणि मग 423 युरोंची मागणी हातात पडेल, शिवाय पुढील वर्षाचा हप्ता त्याच वेळी वाढेल. म्हणून जे 42 युरो तुम्हाला शिल्लक वाटत आहेत, त्यांतील 35 युरो आधीच खर्च झालेले आहेत. फक्त त्यांची वसुली पुढे ढकलली गेली आहे. ते पैसे समभागांच्या म्युच्युअल फंडात घालणे योग्य नाही. बिल येईल त्या महिन्यात बाजार कुठे असेल हे कोणाच्याच हाती नसते, आणि रुपयांत गेलेला पैसा पुन्हा युरोत आणताना विनिमयाचा फरक व बँकेचे शुल्क दोन्ही सोसावे लागते. तुमची सध्याची एसआयपी आहे तशी चालू ठेवा, मात्र ती अजून पुण्यातील जुन्या निवासी बचत खात्यातून जात असेल, तर ते खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपयांतील खाते) करून घेणे आणि फंडाकडे केवायसी बदलून अनिवासी नोंद करणे हे काम आधी उरका.

हप्ता मुद्दाम कमी ठेवून फरक जर्मनीतच बचत खात्यात साठवावा, असाही सल्ला तुम्हाला मिळेल. दोन टक्के व्याज धरले तरी त्यातून वर्षाकाठी चारेक युरो मिळतील. तेवढ्यासाठी 423 युरोंचे बिल डोक्यावर ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. उलट, सुरक्षित वाटावे म्हणून 110-120 युरोंचा हप्ताही लावून घेऊ नका. 2011 मध्ये टेलडाफॅक्स आणि 2013 मध्ये फ्लेक्सस्ट्रोम हे वीजपुरवठादार दिवाळखोरीत गेले, तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्या असंख्य ग्राहकांचे पैसे अडकले. त्याच कारणाने संपूर्ण वर्षाचे पैसे आधी मागणारा किंवा अनामत मागणारा करार कितीही स्वस्त दिसला तरी टाळा. अर्ज भरताना वापर 3,000 युनिट लिहा, हप्ता आपोआप 83 युरोंच्या आसपास येईल, आणि तीन महिन्यांनी स्वतः मीटर वाचून अंदाज चुकला असल्यास हप्ता बदलून मागा.

आता करार. पहिल्या, म्हणजे मूळ पुरवठादाराच्या दराने वर्षाचा खर्च 1,428 युरो होतो. तेथून दोन आठवड्यांच्या सूचनेने केव्हाही बाहेर पडता येते, पण त्या मोकळीकीची किंमत वर्षाला 429 युरो आहे. तिसऱ्या कराराचा खर्च 1,086 युरो आणि बोनस मिळाला तर 926, म्हणजे दुसऱ्यापेक्षा 73 युरोंनी कमी. परंतु असा बोनस सलग 12 महिने पुरवठा घेतल्यावरच मिळतो. प्रोबेशन संपायचे असताना आणि बदलीची चर्चा चालू असताना तो हातात येईलच असे मी धरणार नाही, आणि तो सुटला तर हाच करार दुसऱ्यापेक्षा महाग पडतो.

24 महिन्यांची भीती मात्र तुम्ही समजता तेवढी नाही. जर्मनीच्या ऊर्जा कायद्यानुसार घर बदलताना सहा आठवडे आधी कळवून घरगुती ग्राहकाला करार संपवता येतो. पुरवठादाराने दोन आठवड्यांच्या आत नव्या पत्त्यावर त्याच अटींवर वीज देण्याची तयारी दाखवली, आणि तेथे पुरवठा शक्य असेल, तरच तो करार पुढे चालतो. हॅम्बुर्गला गेलात आणि 28.5 सेंटचा दर तुमच्यासोबत आला, तर त्यात तुमचे नुकसान नाही. भारतात परतलात तरी याच सूचनेने करार संपतो. दराची हमी पहिल्या वर्षापुरतीच आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षी दर वाढू शकतो, परंतु वाढ किमान एक महिना आधी कळवावी लागते आणि ती लागू होण्याच्या दिवशी कोणतीही मुदत न पाळता तुम्हाला बाहेर पडता येते. खरा धोका एकच उरतो : बाजारात दर उतरले तरी तुम्ही जुन्या दराला बांधलेले राहाल. दर 3 सेंटने उतरला असे धरले, तरी दुसऱ्या वर्षातील तोटा 90 युरोंचा आहे. तो मान्य करण्याजोगा आहे, म्हणून माझे मत दुसऱ्या कराराच्या बाजूने आहे. सही करण्यापूर्वी हमी कशाची आहे तेवढे वाचा. बहुतेक हमींत सरकारी कर व अधिभार धरलेले नसतात.

करार घरात जाण्याआधीच करा. 6 जून 2025 पासून मागील तारखेने नोंदणी करण्याची सोय बंद झाली आहे, त्यामुळे उशीर केलात तर मधल्या दिवसांची वीज मूळ पुरवठादाराच्या दराने लागेल. जर्मनीत नवीन असल्याने पतइतिहास नाही म्हणून अर्ज नाकारला गेला, तरी घाबरू नका. मूळ पुरवठादाराकडून वीज मिळतेच, आणि दरातील फरक महिन्याला सुमारे 36 युरोंचा आहे. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. किल्ल्या घेताना मीटरचा क्रमांक आणि वाचन एकाच छायाचित्रात येईल असा फोटो काढा व तोच आकडा घरमालकाबरोबरच्या ताबापत्रात लिहून दोघांच्या सह्या घ्या. आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या बिलात येऊ नयेत यासाठी याहून स्वस्त विमा नाही.

पुरवठादाराला थेट खात्यातून पैसे वळते करण्याची परवानगी देताना तुम्ही बिचकत असाल, तर ते समजू शकते. युरोतील बँकव्यवहारांच्या युरोपीय सेपा पद्धतीत अशी वळती झालेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न देता बँकेकडून परत मागवता येते. विजेखेरीज जर्मनीत भरावे लागणारे रेडिओ-दूरदर्शनचे शुल्क महिना 18.36 युरो असून ते घरामागे एकच असते. दोघांच्या नावाने पत्रे आली तर एकाने नोंदणी करावी आणि दुसऱ्याने तोच ग्राहक क्रमांक कळवावा; पत्राला उत्तर न देणे मात्र महागात पडते.

आता त्या 42 पैकी उरलेल्या 7 युरोंविषयी, आणि ही बाब विजेपेक्षा मोठी आहे. भाड्यासोबत तुम्ही उष्णता, पाणी आणि इमारतीच्या देखभालीसाठी घरमालकाला महिना 190 युरो देणार आहात. तीही आगाऊ रक्कमच आहे. सामाईक हीटिंगच्या खर्चातील किमान 50 व जास्तीत जास्त 70 टक्के भाग सर्वसाधारणपणे प्रत्येक घराच्या प्रत्यक्ष वापराप्रमाणे वाटला जातो, आणि घरमालकाला हिशोबाचे वर्ष संपल्यानंतर 12 महिन्यांपर्यंत हिशोब देण्याची मुभा आहे. भारतातून आलेल्या कुटुंबाचा पहिल्या हिवाळ्यातील वापर बहुधा जास्त निघतो. तेव्हा एसआयपी वाढवण्याआधी या खर्चाच्या दोन हप्त्यांइतके, म्हणजे 380 युरो, जर्मनीतील बचत खात्यात वेगळे काढा. हिशोब मिळाल्यावर तो तपासून हरकत घेण्यासाठी तुम्हालाही 12 महिने मिळतात.

करार संपून तुम्ही भारतात परतलात, तर जर्मनीतील बँक खाते विमानात बसण्याआधी बंद करू नका. विजेचे शेवटचे बिल करार संपल्यावर सहा आठवड्यांत येते, पण हीटिंगचा हिशोब वर्षभर मागे राहू शकतो आणि घरमालक तोवर अनामत रकमेचा वाजवी भाग राखून ठेवू शकतो. अनिवासी असताना कमावलेल्या पैशांचे परदेशी खाते परतल्यावरही चालू ठेवण्यास भारताच्या परकीय चलनविषयक फेमा कायद्यात परवानगी आहे. निवासी दर्जा पूर्णपणे परत आल्यावर ते आयकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते, मग त्यात शंभर युरो का असेनात. अनामत जमा झाली आणि शेवटचा हिशोब चुकता झाला, की खाते बंद करण्याचा अर्ज द्या.