आईला कॉमा, आजीला नाही

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. इंग्लिश निबंधात तिने लिहिलं, 'माय मदर हू वर्क्स इन अ बँक गेट्स अप अ‍ॅट फाइव्ह' आणि खाली 'माय ग्रँडमदर, हू लिव्ह्ज इन सातारा, टेल्स मी स्टोरीज'. पुढे नागपूरच्या आजीबद्दलपण दोन ओळी आहेत. बाईंनी आईच्या वाक्यात दोन कॉमा घातले आणि आजीच्या वाक्यातले दोन्ही खोडले. वाक्यं सारखीच आहेत ना, मग असं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : बाईंचं अगदी बरोबर आहे, आणि खूप बारकाईने तपासलंय त्यांनी. आई एकच असते, त्यामुळे 'बँकेत काम करते' ही नुसती जास्तीची माहिती झाली, काढून टाकली तरी कोणाबद्दल बोलतोय ते कळतंच. हा नॉन-डिफायनिंग क्लॉज, म्हणजे कोण ते न ठरवणारं उपवाक्य, त्याला दोन्ही बाजूंनी कॉमा. पण आज्या दोन, मग 'साताऱ्यात राहते' हे काढलं तर कुठली आजी ते कसं कळणार? म्हणून तो डिफायनिंग, कॉमा नाही. घरी आपण 'साताऱ्याची आजी' असंच म्हणतो ना, नावासारखं चिकटवून, तसंच आहे हे. नागपूरची आजी नसती आणि आजी एकच असती तर मुलीचे कॉमा बरोबर ठरले असते.

आपल्या मुलांचा घोळ होतो तो मला वाटतं मराठीमुळे, कारण 'जी आजी साताऱ्याला राहते, ती गोष्टी सांगते' यात आपण कॉमा देतो आणि तीच सवय इंग्लिशमध्ये जाते, खरंतर हे जी-ती वालं वाक्य आजी कुठली तेच सांगतंय, म्हणजे इंग्लिशमध्ये तिथे कॉमा नकोच. मुलीला सांगा, 'कुठली?' असं विचार. त्याचं उत्तर क्लॉजमध्ये असेल तर कॉमा नाही, आणि 'बँकेत आहे बरं का ती' असं मध्येच सांगितल्यासारखं वाटलं तर कॉमा.

अजून एक, कॉमावाल्या क्लॉजमध्ये 'दॅट' चालत नाही, 'हू' किंवा 'विच'च लागतं, आणि ते गाळताही येत नाही. बिनकॉमाच्यात 'द पेन दॅट आय बॉट'चं नुसतं 'द पेन आय बॉट' केलं तरी चालतं. पण 'द पेन दॅट लीक्स'मधलं 'दॅट' गाळू नका, तिथे 'लीक्स'चा कर्ता तेच आहे.