पुण्यात आमच्या स्वतंत्र चर्चचे पाळक २५ वर्षांनी निवृत्त होत आहेत, ते विश्वस्तही आहेत. निरोप समारंभाआधी कागदोपत्री काय करावं?

आधी बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयातली नोंद. पाळक विश्वस्त असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. सोबत लागतं ते साधारण असं:

- सभेची नोटीस आणि ठरावाची प्रत
- जुन्या विश्वस्तांचा सहीचा राजीनामा
- नव्या विश्वस्तांचं संमतिपत्र
- परिशिष्ट १ चा (ट्रस्टच्या सरकारी नोंदीचा) ताजा उतारा

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो नोटिशीवर. ट्रस्टच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, समजा १५ दिवसांची नोटीस लिहिलेली असते आणि रविवारी उपासनेनंतर तोंडी जाहीर करून हात वर करून निवड झालेली असते. मग कुणीतरी हरकत घेतं आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळतं. दरम्यान बँकेतल्या सह्या बदलून घ्या.

एक गोष्ट हमखास विसरते: भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ खालचा लग्न लावण्याचा परवाना पाळकाच्या नावावर असतो, चर्चच्या नाही. नव्या पाळकांना तो मिळेपर्यंत लग्नाच्या तारखा देऊ नका.

चर्च कॅथलिक किंवा सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असेल तर मात्र नेमणूक बिशपकडून होते आणि मिळकत सहसा धर्मप्रांताच्या ट्रस्टकडे असते. तिथे बदल अर्ज तुम्ही करायचा नसतो.