प्लॉट काढायला पळण्याआधी

अरे, नकाशाची मोठी प्रिंट (प्लॉट) काढायला विश्रामबागेतल्या प्लॉटरवाल्याकडे डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल घेऊन जाऊ नकोस. तुझा फॉन्ट त्याच्या मशीनवर नसला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. पीडीएफ घरीच कर. कागद ए१, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिमी, स्केल १:१००, ‘फिट टू पेपर’ची खूण काढलेली. प्लॉट स्टाइल मोनोक्रोम ठेव, म्हणजे सगळ्या रेघा काळ्या छापल्या जातील, नाहीतर पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेघा शोधत बसशील. माझा पहिला नकाशा असाच गेला, पैसे पाण्यात! सांगलीत पाण्याला काय तोटा म्हणा. ए१ची ए३ केलीस तर १:१००चं १:२०० होतं, हे साइटवर आधीच सांग. आणि प्रिंट हातात आली की तिथंच पट्टी लाव: १:१००ला ३ मीटरची भिंत ३० मिमी भरली पाहिजे. नाही भरली तर पैसे देण्याआधी सेटिंग बघ.