फ्लॅक फायली छोट्या प्लेयरसाठी एमपी३ कशा कराव्यात?

सांगली-मिरज रोजच्या प्रवासात शास्त्रीय गाणं ऐकायचंय, फ्लॅक फायली (दर्जा अजिबात न घटवता साठवलेलं गाणं) प्लेयरच्या कार्डात मावत नाहीत आणि एमपी३ केल्यावर दर्जा जाईल अशी भीती वाटते, असं तुम्ही म्हणताय. दर्जा थोडा कमी होतोच, पण नीट केलं तर बसमध्ये कानाला फरक कळणार नाही.

कॉम्प्युटरवर ‘फ्री:एसी’ किंवा ‘फूबार २०००’ हा फायली बदलणारा प्रोग्राम घ्या, दोन्ही फुकट आहेत. त्यात एन्कोडर (एमपी३ बनवणारा भाग) लेम निवडा, सेटिंग व्हीबीआर व्ही०, म्हणजे गाण्याच्या गरजेप्रमाणे बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) बदलणारं, सगळ्यात वरच्या दर्जाचं. सीडीचं तासाभराचं गाणं मूळ सुमारे ६३५ एमबी असतं. फ्लॅकमध्ये ते साधारण निम्म्यावर येतं आणि व्ही० मध्ये ११० एमबीच्या आसपास.

१२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट, म्हणजे कमी बिटरेट) मात्र हात लावू नका. तुम्ही तर तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध मिरजेजवळचे, तंबोऱ्याची जवारी तुम्हाला वेगळी सांगायला नको. कमी बिटरेटला सगळ्यात आधी तीच बिघडते: तारेमागून उमटणारी ती बारीक गुंज पाण्यात बुडाल्यासारखी डळमळते. टाळ्यांचा कडकडाटही तसाच चिरकतो. शांत खोलीत हेडफोन लावून एकदा १२८ ची आणि व्ही० ची अशा दोन्ही फायली ऐका, लगेच लक्षात येईल.

ओपस हा दुसरा फॉरमॅट कमी जागेत जास्त चांगला वाजतो, पण साधे प्लेयर ते बहुधा वाजवत नाहीत. प्लेयरवर एएसी हा आणखी एक फॉरमॅट चालत असेल तर २५६ केबीपीएस उत्तम.

आणि कृपा करून मूळ फ्लॅक पुसू नका, वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. एमपी३ वरून परत फ्लॅक केलं तरी गेलेलं परत येत नाही, फाईल फक्त फुगते.