साडी नेसून टूट्सीजमध्ये

प्रश्न : जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत नॅशव्हिलला जातोय. 'टूट्सीज' नावाच्या जुन्या नाइटक्लबात कंट्री म्युझिक, म्हणजे तिकडचं गावरान ढंगाचं गाणं, ऐकायला नेतो, असं तो म्हणतोय. आमचे हे भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांचं म्हणणं, असल्या ठिकाणी आपलं काय काम? आम्ही पीत नाही, मी कायम साडीत. जावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जाच. फक्त रात्री नको, दुपारी जा. मी ऑर्केस्ट्रात अठरा वर्षं ॲकॉर्डियन वाजवलं. मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिथे दुपारी बारा वाजता शिरलो तो चारला बाहेर आलो. नुसत्या सोड्यावर. साडीकडे कोण बघतंय! तिथे गुडघ्यापर्यंतचे बूट आणि झालरीची जाकिटं घालून माणसं येतात.

ब्रॉडवे रस्त्यावरची ही जांभळी इमारत. टूट्सी बेस या बाईंनी 1960 मध्ये हा बार घेतला. रंगाऱ्याने न विचारताच जांभळा रंग फासला आणि बाईंनी तो तसाच ठेवला, असं सांगतात. म्हणून ऑर्किड या जांभळट फुलावरून नाव पडलं टूट्सीज ऑर्किड लाउंज. बोळाच्या पलीकडे रायमन हे सभागृह. 1943 ते 1974 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओचा कार्यक्रम तिथून व्हायचा. रायमनमध्ये कलाकारांना धड बसायला खोल्या नव्हत्या. मग दोन गाण्यांच्या मधे मंडळी मागच्या दाराने टूट्सीबाईंकडे! पुढे कंट्रीचा मोठा गायक झालेला विली नेल्सन तेव्हा कडकीत होता. अशांची उधारी बाई चिठ्ठ्यांवर लिहून सिगारच्या खोक्यात टाकायच्या. ऑप्री 1974 मध्ये शहराच्या मध्यवस्तीतून लांब गेली, रस्ता ओस पडला, 1978 मध्ये बाई वारल्या. बार राहिला. भिंती फोटोंनी आणि सह्यांनी भरलेल्या आहेत.

मी गेलो तेव्हा दारात तिकीट नव्हतं. म्हणून फुकट समजू नका. मालकाकडून वादकांना मिळतं ते थोडं, खरी कमाई बादलीतली. मधेच गायिका स्वतः बादली घेऊन माणसांतून फिरते. आपल्याकडच्या दौलतजादासारखंच, पण नोट दाखवून नाचवायचा माज नाही; टाकायची आणि ऐकायचं. सुटे डॉलर जवळ ठेवा. फर्माईश केलीत तर हात जरा सैल सोडा. मी पाचाची नोट टाकली, शेजारच्याने वीसची. गाणं त्याचं झालं. बरोबरच आहे.

आता तुमच्या यांच्यासाठी. त्यांना सांगा, गायिकेच्या हाताकडे बघा. तिथले वादक पुष्कळदा तालमीशिवायच एकत्र येतात. पुढचा स्वरमेळ (एकत्र वाजणारे सूर, म्हणजे कॉर्ड) कुठला, हे ती बोटांनी दाखवते: एक, चार, पाच. एक म्हणजे सा वरचा, चार म्हणजे म वरचा, पाच म्हणजे प वरचा! पट्टी काळी एक असो की पांढरी पाच, आकडे तेच. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत 1950 च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत रुजली. भजनाला ऐनवेळी पट्टी चढवणारा बुवा ज्याने सांभाळलाय, त्याला हे लगेच कळेल. मला ते कळलं तेव्हा मी शेजाऱ्याच्या दंडावर थापच मारली. तो घाबरला.

आणखी एक. पेडल स्टील, म्हणजे आडवं ठेवून वाजवायची गिटार, वाजवणारा दिसला तर गर्दीतून वाट काढून त्याच्या बाजूला उभे राहा, समोर नको. वाद्य टेबलासारखं पायांवर उभं, वादक खुर्चीवर. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते, आपल्या मींडेसारखी. पण समोरून जे दिसत नाही ते खाली चाललेलं असतं: पाय पेडलवर, गुडघे लोखंडी दांड्या डावीकडे-उजवीकडे ढकलतायत, आणि त्यातून धरलेल्या स्वरमेळातला एकच सूर हळूच वर चढतो. बाकीचे जागचे हलत नाहीत. पेटीत हे होत नाही, याचं मला तिथे पहिल्यांदाच वाईट वाटलं.

आवाज फार मोठा असतो. कानात घालायला इअरप्लग न्या.