फरशी कशाची आहे ते आधी बघा, मग पुसा

या वेळी फरशीवरचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. बहुतेक पत्रांत एकच दिसतंय, फरशी घाणीने कमी आणि चुकीच्या साफसफाईने जास्त खराब झालीये.

प्रश्न : ताई, हॉलमध्ये पांढरा मार्बल आहे. लिंबू सरबत सांडलं तिथे निस्तेज पांढुरका डाग पडलाय. साबण झाला, सोडा झाला, व्हिनेगर लावलं तर डाग अजून मोठा झाला. कशाने निघेल?

आधी ते व्हिनेगर बंद करा, आजच. अहो तो डाग नाहीचये. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्याला कुठलंही ॲसिड लागलं, मग ते लिंबू असो, व्हिनेगर असो नाहीतर टॉयलेट क्लीनर, की दगडाचा वरचा थर चक्क विरघळतो आणि पॉलिश जाते. म्हणून कितीही घासलं तरी निघत नाही, वर काही लागलेलंच नाही तर निघणार काय? खिडकीच्या तिरप्या उजेडात बघा आणि बोट फिरवा, तेवढाच भाग मंद दिसेल आणि जरा खरखरीत लागेल. हलकं असेल तर मार्बल पॉलिशिंग पावडर घ्या, थोडं पाणी टाकून मऊ कापडाने गोल गोल घासा, चमक बऱ्यापैकी परत येते. बोटाला खड्डा जाणवत असेल तर मात्र घरी नादी लागू नका, डायमंड पॅडची मशीन असलेल्या पॉलिशवाल्यालाच बोलवा.

आता चहा-कॉफीचा तपकिरी डाग असेल तर ते प्रकरण वेगळं, तिथे रंग दगडात मुरलेला असतो. त्यासाठी खायचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा दह्याएवढा घट्ट लेप करायचा, डागावर जाड थापायचा, वर प्लास्टिक लावून कडा टेपने बंद करायच्या आणि 24 तास ठेवायचं. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, ही पायरी गाळू नका कारण वाळता वाळताच तो आतला डाग वर ओढून घेतो. एकदा करून फिका झाला, गेला नाही, तर परत करा. गडद रंगाच्या मार्बलवर पेरॉक्साइडने रंग उडू शकतो, आधी कोपऱ्यात लावून बघा.

रोजच्याला पीएच न्यूट्रल, म्हणजे ना ॲसिड ना अल्कली असं लिक्विडच घ्या, बाटलीवर लिहिलेलं असतं. शहाबादी आणि कोटा फरशीलाही हाच नियम, तेही चुनखडीचेच दगड आहेत. ग्रॅनाइट ॲसिडला बरंच दाद देत नाही पण म्हणून त्याच्यावर प्रयोग नकोत. दगडाला सीलर, म्हणजे पाणी-डाग आत मुरू नयेत म्हणून लावतात ते द्रव्य, अजून टिकून आहे का हे बघायचं असेल तर पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसल्यावर खाली काळपट ओल दिसली तर सीलर संपलाय.

प्रश्न : व्हिट्रिफाइड टाइल्स रोज पुसते, तरी फरशी चिकट लागते, पायाचे ठसे दिसतात. आता लिक्विडही दुप्पट टाकते.

तेच कारण आहे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी 0.5 टक्क्यापेक्षाही कमी शोषते, म्हणजे जे काही आहे ते सगळं वरच बसतं, आणि तुम्ही टाकलेलं जास्तीचं लिक्विडही तिथेच वाळतं, त्यावर धूळ चिकटते, मग तुम्हाला वाटतं अजून टाकायला हवं. दोन-तीन दिवस नुसत्या कोमट पाण्याने पुसा, पाणी गढूळ झालं की लगेच बदला, नंतर बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. फरशी मळकट दिसते ती खरं तर सांध्यांमुळे, त्यातलं ग्राउट सिमेंटचं आणि सच्छिद्र असतं. तिथे सोड्याची पेस्ट आणि नायलॉनचा ब्रश वापरा. ॲसिडने सांधे दोन दिवस पांढरे दिसतील पण सिमेंट झिजतं, आणि मग तिथे घाण अजूनच साठते.

प्रश्न : लॅमिनेट फ्लोअरिंगच्या फळ्या सांध्याला फुगल्यात. आम्ही स्टीम मॉप वापरतो. वुडन फ्लोअरसारखं घासून सपाट करता येईल का?

नाही येणार. लॅमिनेटवर लाकडाचं दिसतं ते छापलेलं चित्र असतं, पॉलिश पेपर मारला की तेच निघून जाईल. सॉलिड वुड असतं तर घासता आलं असतं. खाली दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड असतो, त्यात वाफ शिरली की तो फुगतो आणि वाळल्यावरही पहिल्यासारखा बसत नाही. फुगलेल्या फळ्या बदला, स्टीम मॉप बंद, फडकं इतकं पिळा की पुसलेली जागा मिनिटभरात वाळली पाहिजे.

प्रश्न : व्हिनायलवर रबरी मॅटखाली पिवळा डाग पडलाय.

रबरातलं केमिकल व्हिनायलमध्ये उतरलंय, सहसा निघत नाही. पुढे मॅट घेताना मागे रबर नसलेली घ्या.

प्रश्न : दाराजवळच्याच मार्बलची चमक का जाते? तिथे तर सगळ्यात जास्त पुसतो.

चपलांबरोबर वाळू येते. कठीणपणाच्या मोह्स मापावर मार्बल साधारण 3 आणि वाळूतलं क्वार्ट्झ 7, म्हणजे झाडू न मारता थेट ओलं फडकं फिरवलं की ते कण तुम्ही स्वतःच फरशीवर घासता. आधी मऊ झाडू किंवा कोरडा मॉप, मग ओलं. दाराच्या बाहेर आणि आत दोन्हीकडे पायपुसणं ठेवा, आणि ते वेळच्या वेळी झटका, भरलेलं पायपुसणं असून नसल्यासारखं.

प्रश्न : बाथरूमच्या टाइल्ससाठी ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलं तर लवकर साफ होतं असं ऐकलं. खरं का?

हे कधीही करू नका, प्लीज. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनियावालं क्लीनर, ही जोडीही तेवढीच वाईट. एक वापरलं तर भरपूर पाण्याने धुऊन टाका, दुसरं त्या दिवशी काढूच नका. चुकून मिसळलं आणि डोळे चुरचुरायला लागले तर ते आवरत बसू नका, सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत या, घरातल्यांनाही बाहेर काढा, आणि खोकला किंवा दम थांबत नसेल तर सरळ दवाखाना गाठा.