शेजाऱ्याचं कुत्रं, आमचं मांजर आणि पडकी भिंत

प्रश्न : वडगावला आमचं जुनं घर हाय, मागं परडं, एका बाजूची भिंत पावसात पडलीया. तिथनं शेजारच्यांचं पाळलेलं कुत्रं आत येतंय. परवा त्यानं परड्यातच आमच्या मांजराला धरलं, पाठ फाडली, मी मधे पडून सोडवलं. डॉक्टरचे साडेचार हजार झाले. सांगायला गेले तर म्हणतात, तुमचं मांजर पण आमच्या माळ्यावर येतंय की, जनावरांच्यात भांडणं होणारच. मामंजी तर कुत्र्याला औषध घालूया म्हणूलेत. कायदा काय म्हणतो?

उत्तर : ताई, पहिल्यांदा मामंजींना आवरा. औषध घालून कुत्रं मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे आज तक्रार तुमची आहे ती उद्या तुमच्यावरच उलटेल, आणि ते औषध तुमचं मांजरसुद्धा खाईल.

दुसरं, सोडवताना तुम्हाला ओरखडा, दात काही लागलंय का? लागलं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तेव्हा धुतली नसेल तर आत्ता धुवा, आजच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा, भरपाईचं मागनं बघू. मांजराच्या लशीचंही डॉक्टरांना विचारा.

आता जबाबदारीचं. आपल्या जागेत घडलं म्हणजे शेजारी आपोआप दोषी असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. म्हैस दुसऱ्याच्या रानात शिरून पीक खाल्लं तर मालकाला भरावं लागतं, कोंडवाडा त्यासाठीच असतो, पण कुत्र्या-मांजरानं नुसतं इकडंतिकडं फिरणं कायदा तसं धरत नाही, त्यामुळं तुमचं मांजर त्यांच्या माळ्यावर गेलं हा काही गुन्हा नाही आणि त्या कारणानं तुमचा हक्कही जात नाही. खरा मुद्दा एकच, हे कुत्रं दुसऱ्या जनावरावर धावून जातं हे मालकाला माहीत होतं का, आणि माहीत असून मोकळं सोडलं का. आधी कुणाची कोंबडी मारलीय, तुम्ही पूर्वी एकदा तरी सांगितलं होतं, असं दाखवता आलं तर निष्काळजीपणा धरून दिवाणी कोर्टात डॉक्टरचं बिल मागता येतं.

पोलिसांत जायचं तर त्याच न्याय संहितेचं कलम 291 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण ते माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता असेल तरच, फक्त मांजरासाठी ते लागत नाही. तेच कुत्रं पोरांच्या अंगावर जात असेल तर मात्र तक्रार द्याच. (कुत्रं गल्लीतलं भटकं असतं तर महापालिकेकडं जावं लागलं असतं, आणि 2023 च्या नियमांप्रमाणं नसबंदी, लस करून ते सहसा परत त्याच जागी सोडतात.)

माझं मत स्पष्ट सांगते, साडेचार हजारासाठी केस करू नका, वकिलाची फीच जास्त होईल. पण लेखी पत्र स्पीड पोस्टनं पाठवाच, कारण पुढच्या वेळी त्यांना माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. मांजराचे फोटो, बिल, बघणाऱ्याचं नाव जपून ठेवा, गल्लीतल्या पंचांपुढं बसलात तर हेच कामाला येतं. भिंत तुमची असेल तर ती लगेच बांधून घ्या, नाहीतर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. आणि पत्रात कुत्र्याच्या रेबीज लशीचा कागद मागायला विसरू नका.